मराठवाड्यातून क्रॉसफिट ओपन : नोंदणीपासून स्कोअर भरेपर्यंत

क्रॉसफिट म्हणजे वजन उचलणं, बार-दोरीवरच्या कसरती आणि दमाचं काम एकत्र करून घड्याळ लावून करायचा व्यायाम. त्याची जागतिक स्पर्धा म्हणजे क्रॉसफिट गेम्स. ते बघणारी पोरं-पोरी आता लातूर, नांदेड, बीडच्या जिममध्येही भेटतात. टिया-क्लेअर टूमी, मॅट फ्रेझर, रिच फ्रोनिंग ही तिथल्या विजेत्यांची नावं त्यांना तोंडपाठ असतात. पण ‘यात आपण उतरायचं का?’ असं विचारलं की बहुतेक जण हसून विषय बदलतात. खरं तर चौदा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही या स्पर्धेच्या पहिल्या फेरीत भाग घेता येतो. या फेरीचं नाव ओपन. त्यासाठी परदेशात जावं लागत नाही, निवड चाचणी नसते, कुणाची चिठ्ठी लागत नाही. नोंदणी करायची, सांगितलेल्या वजनावर सांगितलेला व्यायाम करायचा, आणि तो नियमात केल्याचा पुरावा द्यायचा.

आपल्याकडच्या ताकदीबद्दल मला जराही शंका नाही. पाटोद्याचा राहुल आवारे कुस्तीत जागतिक स्पर्धेचं कांस्यपदक घेऊन आला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये धावला. पोलीस भरतीसाठी पहाटे १६०० मीटर मारणारी पोरं गावोगावी आहेत. आपण मागे पडतो ते नियमांत. बर्पी (पालथं पडून, उठून उडी मारायची) मोजली जाते कधी, पुल-अप बाद होतो कशामुळे, रॉडचं खरं वजन किती, व्हिडिओत काय दिसलं पाहिजे, हे कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हा लेख.

स्पर्धा कशी चालते

पहिले गेम्स २००७ साली कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅरोमास इथल्या एका शेतावर झाले. २०११ मध्ये ओपन सुरू झालं आणि घरबसल्या भाग घ्यायची सोय झाली. सुरुवातीला ते पाच-सहा आठवडे चालायचं. २०२१ पासून तीन आठवड्यांचं झालं. दर आठवड्याला एक वर्कआउट जाहीर होतो. त्याचं नाव साल आणि क्रमांकावरून ठेवतात, म्हणजे २०२५ चा पहिला तो २५.१. ओपन फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होऊन मार्चच्या मध्यावर संपतं. त्यातून वरच्या क्रमांकाचे खेळाडू पुढच्या फेऱ्यांत जातात आणि शेवटी अमेरिकेतल्या उन्हाळ्यात मोजके स्त्री-पुरुष गेम्सला पोचतात. २०२५ चे गेम्स न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत झाले. तिथे जेसन हॉपर पुरुषांत पहिला आला आणि टूमीनं आठव्यांदा महिलांचं विजेतेपद घेतलं.

ओपन आणि गेम्स यांच्या मधल्या फेऱ्यांची रचना जवळपास दरवर्षी बदलते. जुने व्हिडिओ बघून हिशोब मांडू नका. त्या हंगामाची नियमपुस्तिका क्रॉसफिट गेम्सच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्या. इंग्रजी जड जात असेल तर मित्राला घेऊन बसा, पण शब्दन् शब्द वाचा.

तयारीला गणपतीपासून लागा

ओपन फेब्रुवारीत असतं, म्हणजे गणपती-महालक्ष्म्यांच्या सुमारास तयारी सुरू केली तर साधारण सहा महिने हातात मिळतात. पहिल्या आठवड्यात स्वतःची तपासणी करायची. त्यासाठी २४.१ हा वर्कआउट मला सगळ्यात योग्य वाटतो, कारण त्याला फक्त एक डंबेल लागतो. एका हातानं २१ डंबेल स्नॅच (जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर), मग डंबेलवरून आडव्या उडीच्या २१ बर्पी, मग दुसऱ्या हातानं २१ स्नॅच, पुन्हा २१ बर्पी. त्यानंतर हेच १५-१५ आणि ९-९. पुरुषांना डंबेल २२.५ किलोचा, महिलांना १५ किलोचा, वेळ १५ मिनिटं. वजन झेपत नसेल तर हलकं घ्या, पण कितीचं घेतलं आणि १५ मिनिटांत कुठपर्यंत पोचलात ते वहीत लिहून ठेवा.

वर्कआउट संपल्यावर काय दुखतं, कुठे दम तुटतो, यावरून पुढचे सहा महिने ठरतात. भरतीचा सराव करणाऱ्यांचा दम सहसा पुरतो, पण डोक्यावर वजन धरताना त्यांचे खांदे उघडत नाहीत आणि सिंगल बारवर पाच-सातच्या पुढे ते जात नाहीत. तालमीतल्या पोरांचं उलट असतं. ओढायची ताकद भरपूर, पण पहिल्या तीन मिनिटांत सगळा जोर लावून मोकळे होतात. जिममध्ये फक्त छाती-बायसेप मारणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी काम आहे, आणि त्यांनी दोरी व धावणं आजच सुरू करावं.

आठवड्याचं गणित फार गुंतागुंतीचं करू नका. दोन दिवस रॉडवर : डेडलिफ्ट (रॉड जमिनीवरून उचलून सरळ उभं राहणं), फ्रंट स्क्वॉट (रॉड खांद्यांवर पुढे धरून बैठक), क्लीन (जमिनीवरून खांद्यावर), स्नॅच, थ्रस्टर (फ्रंट स्क्वॉटमधून उठताच रॉड डोक्यावर). दोन दिवस दमाचं काम. एक दिवस फक्त कौशल्याचा, म्हणजे दोरी, बार आणि भिंत. दोन दिवस विश्रांती. क्लीन आणि स्नॅच मात्र यूट्यूबवरून एकट्यानं शिकू नका. आपल्या जिल्ह्यात वेटलिफ्टिंग शिकवणारा प्रशिक्षक असेल तर महिनाभर त्याच्याकडे जा. रॉड अंगाजवळून कसा वर न्यायचा हे त्यानं समोर उभं राहून दाखवल्याशिवाय हातात बसत नाही.

साधनं : तोलून घ्या, मोजून घ्या

स्पर्धेचा रॉड पुरुषांसाठी २० किलोचा आणि महिलांसाठी १५ किलोचा असतो. आपल्या बऱ्याच जिममधला रॉड त्याहून हलका असतो, आणि प्लेटवर ओतलेला आकडा व खरं वजन यांत फरक निघतो. मोंढ्यात ओळखीची आडत असेल तर माल उतरायच्या आधी सकाळी जा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर रॉड, लॉक, प्लेटा, डंबेल सगळं तोलून होतं. प्रत्येक प्लेटवर ऑइलपेंटनं खरं वजन लिहा. एखादी प्लेट कमी भरली तर ती स्पर्धेच्या दिवशी वापरायची नाही, एवढं सोपं आहे.

रबरी बम्पर प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो. लहान लोखंडी प्लेटा लावल्या की रॉड जमिनीच्या जवळ राहतो, डेडलिफ्टला जास्त वाकावं लागतं आणि वरून सोडता तर येतच नाही. जिममध्ये बम्परची एक जोडी तरी असावी म्हणून चार-पाच जणांनी मिळून वर्गणी काढणं हा चांगला खर्च आहे.

सिंगल बार फॅब्रिकेशनवाला करून देतो. पाइप सव्वा इंचाच्या आसपास जाडीचा, हातात फिरणार नाही असा पक्का वेल्ड केलेला. हात सरळ ताणून लटकल्यावर पाय जमिनीला लागता कामा नयेत. पत्र्याच्या शेडमध्ये बार लावताना लोक एक गोष्ट विसरतात : बार मसल-अपमध्ये कमरेपर्यंतचं अंग बारच्या वर येतं, म्हणून वर तीन फूट तरी मोकळे ठेवा. उडीची पेटी सुताराकडून २० × २४ × ३० इंचाची प्लायवूडमध्ये बनवली की तिन्ही उंच्या एकातच मिळतात. वॉल-बॉलला (बैठकीतून उठत चेंडू भिंतीवरच्या निशाणावर फेकायचा) पुरुषांचा चेंडू ९ किलोचा आणि निशाण १० फुटांवर, महिलांचा ६ किलोचा आणि ९ फुटांवर. भिंतीवर रेघ मारताना लेझीमवाल्या मंडळातल्या उंच पोराच्या अंदाजानं मारू नका, टेप लावून मारा.

खरी अडचण रोइंग मशीनची, म्हणजे बसून वल्हं मारल्यासारखं ओढायच्या यंत्राची. २४.२ मध्ये दर फेरीला ३०० मीटर रोइंग होतं, तर २५.३ मध्ये सुरुवातीला आणि शेवटी ५०-५० कॅलरी. या स्पर्धेत कॉन्सेप्ट-टू कंपनीची मशीन चालते, आणि ती प्रत्येक शहरात सापडत नाही. जानेवारीतच फोन करून छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात ती कुठे आहे, बाहेरच्या माणसाला एका दिवसासाठी वापरू देतात का, पैसे किती, हे विचारून ठेवा. रोइंग आलं तर शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघून शनिवारी करून परत येता येतं. क्रॉसफिटची मान्यता असलेली जिम कुठे आहे ते अधिकृत नकाशावर बघा. तिथे जाऊन वर्कआउट केला तर व्हिडिओची कटकटही वाचते, कारण स्कोअरला तीच जिम मान्यता देते.

नो-रेप कुठे मिळतो

नियमात न बसल्यानं न मोजलेला रेप (एकदा केलेली हालचाल) म्हणजे नो-रेप. या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन.

बर्पीत छाती आणि मांड्या जमिनीला टेकल्याच पाहिजेत. तालमीत जोर मारणाऱ्याची छाती जमिनीवरून निसटत पुढे जाते, टेकत नाही. वर्षानुवर्षांची सवय असते ती. घाईत तीच सवय उफाळून येते आणि जज हात आडवा करतो. सरावात प्रत्येक बर्पीला क्षणभर पोट जमिनीवर सोडून द्या. वेग थोडा कमी होईल, पण एकही बाद होणार नाही.

बैठकीचंही तसंच. खाली आपली पोरं छान जातात, मांडीचा सांधा गुडघ्याच्या वरच्या टोकाच्या खाली सहज येतो. गडबड वर होते. भराभर बैठका मारणारा पूर्ण उभा राहतच नाही, गुडघे किंचित वाकलेलेच ठेवून पुन्हा खाली जातो. थ्रस्टर आणि वॉल-बॉलमध्ये हे चालत नाही. थ्रस्टरला वर कंबर, गुडघे आणि कोपरं सरळ, रॉड शरीराच्या मध्यावर. शेजारच्याला बाजूनं बघायला सांगा, समोरून हे दिसत नाही.

पुल-अपला खाली हात पूर्ण सरळ आणि वर हनुवटी बारच्या पलीकडे. चेस्ट-टू-बारमध्ये गळ्याच्या हाडाखालची छाती बारला लागलीच पाहिजे. झोका घेऊन केलेला किपिंग पुल-अप चालतो, पण आधी झोका न घेता पाच स्वच्छ पुल-अप येत नाहीत तोवर किपिंगच्या वाटेला जाऊ नका. खांदा धरतो.

डबल-अंडर म्हणजे एका उडीत दोरी पायाखालून दोनदा. शाळेतल्या नायलॉनच्या दोरीनं हे फार अवघड जातं. तारेची स्पीड रोप घ्या. एका पायानं दोरी मध्यावर दाबून मुठी वर ओढल्यावर त्या काखेपर्यंत याव्यात, एवढी लांबी बहुतेकांना जमते. दोरी मनगटानं फिरवायची. खांदे फिरायला लागले की विसाव्या उडीला दोरी पायात अडकते. रोज सरावाआधी दहा मिनिटं दोरी, सहा महिने. यात सुट्टी नको.

वॉल वॉक २५.३ मध्ये पाच-पाचच्या पाच गटांत होते, म्हणजे एकूण २५. पालथं पडायचं, पाय भिंतीवर चढवत हात भिंतीकडे न्यायचे आणि तसंच उतरायचं. हात कुठून कुठपर्यंत गेले पाहिजेत, त्या रेषा टेपनं आखाव्या लागतात. ताकदीपेक्षा खांद्याचा धीर लागतो. याला साधन काहीच लागत नाही, घराच्या भिंतीवरही सराव होतो.

नोंदणी

जानेवारीच्या आसपास नोंदणी सुरू होते. गेल्या काही हंगामांत वैयक्तिक शुल्क २० डॉलर राहिलं आहे. आपल्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करा, पैसे भरा आणि पुन्हा बंद करा. नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाप्रमाणेच भरा, कारण वयोगट त्यावरून ठरतो. किशोरांसाठी १४-१५ आणि १६-१७ असे गट आहेत, पस्तिशीनंतर मास्टर्सचे गट सुरू होतात. अपंग खेळाडूंसाठीही वेगळे विभाग आहेत, ही गोष्ट आपल्याकडे पोचायलाच हवी. प्रदेश आपला आशिया.

जो मित्र तुमचा जज होणार आहे त्याला ऑनलाइन जज कोर्स करायला लावा. तुम्हीही करा. आपण दुसऱ्याला नो-रेप द्यायला लागलो की स्वतःचे आपोआप कमी होतात.

तीन आठवडे

वर्कआउट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वेळेनुसार गुरुवारी दुपारी १२ वाजता जाहीर होतो, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे १:३०. स्कोअर भरायची मुदत तिथल्या सोमवारी संध्याकाळी ५ पर्यंत. आपल्याकडे मंगळवारी सकाळी ६:३०. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे जातात. त्यानंतर आपल्या वेळा एक तास अलीकडे येतात : जाहीर रात्री १२:३० ला, मुदत मंगळवारी सकाळी ५:३० पर्यंत. शेवटच्या क्षणाची वाट बघणाऱ्याचा स्कोअर याच एका तासानं जातो.

रात्री जागू नका. शुक्रवारी सकाळी उठून नियम वाचा, हालचालींचा अधिकृत व्हिडिओ बघा, साधनं मांडून ठेवा आणि हलका सराव करा. शनिवारी सकाळी वर्कआउट करा. मुदतीत कितीही वेळा करता येतो, पण माझं मत विचाराल तर दुसऱ्यांदा सोमवारी, आणि तेही चूक डावपेचात झाली असेल तरच. दम कमी पडला असेल तर दोन दिवसांत तो वाढत नाही.

डावपेच म्हणजे काय, ते २५.१ वरून कळेल. पंधरा मिनिटांत जमतील तितक्या फेऱ्या : डंबेलवरून ३ बर्पी, ३ हँग क्लीन-टू-ओव्हरहेड (लटकत्या हातातला डंबेल खांद्यावर, मग डोक्यावर), मग ३० फूट चालत लंज (मोठं पाऊल टाकून मागचा गुडघा टेकवत). पुढच्या फेरीत ६-६, मग ९-९, असं तीन-तीननं वाढत जायचं, लंज तेवढेच. पहिल्या दोन फेऱ्या खेळ वाटतात. पाच फेऱ्या होईपर्यंत ४५ बर्पी आणि ४५ क्लीन झालेले असतात, आणि सहाव्या फेरीत १८-१८ समोर येतात. ज्यानं पहिल्या चार मिनिटांत बर्पी पळवल्या तो इथे कमरेवर हात ठेवून उभा राहतो. पहिल्या फेरीपासून सहाव्या फेरीच्या वेगानं चाला.

आता आरएक्स की स्केल्ड? आरएक्स म्हणजे ठरवलेलं पूर्ण वजन आणि हालचाली, स्केल्ड त्याहून सोपं, फाउंडेशन्स आणखी सोपं. प्रत्येक वर्कआउटला वेगळा पर्याय निवडता येतो. क्रमवारीत आरएक्स करणारा स्केल्डच्या वर लागतो. उदाहरणार्थ २५.२ : २१ पुल-अप, ४२ डबल-अंडर, सुमारे ४३ किलोचे २१ थ्रस्टर (महिलांना सुमारे २९ किलो), मग चेस्ट-टू-बार आणि वाढलेलं वजन, मग बार मसल-अप. मसल-अप येत नसला तरी पहिला टप्पा जमणाऱ्याचे ८४ रेप होतात, म्हणजे त्यानं आरएक्स करावं. पण ज्याचे पुल-अप दोनच येतात तो बारा मिनिटं बारखाली उभा राहील. त्यानं स्केल्ड करून घाम गाळावा. यात कमीपणा काही नाही.

व्हिडिओ

मान्यताप्राप्त जिममध्ये करत नसाल तर व्हिडिओ हाच तुमचा पुरावा. तो एका दमात घेतलेला, कुठेही न कापलेला हवा. सुरुवातीला नाव आणि वर्कआउट सांगा, रॉड-प्लेट-डंबेलची वजनं जवळून दाखवा, अंतर आणि उंची टेप लावून दाखवा. घड्याळ सतत दिसलं पाहिजे आणि तुमचं पूर्ण अंग चौकटीत राहिलं पाहिजे. मोबाइल ट्रायपॉडवर, कोनातून ठेवा. फार रुंद दाखवणारी लेन्स वापरू नका, तिच्यात आकार वाकतात. प्रत्येक टायब्रेकची (स्कोअर सारखा आला तर क्रमांक ठरवणारी) वेळ जजनं मोठ्यानं सांगून कागदावर लिहावी. पडताळणीत रेप वजा होऊ शकतात किंवा स्कोअर नामंजूर होऊ शकतो, म्हणून शंका असलेला रेप तिथेच पुन्हा करा.

फुल एचडीत वीस मिनिटांचा व्हिडिओ अडीच जीबीच्या आसपास जातो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये तो बसत नाही. ७२० वर घ्या, फोनमध्ये जागा करा, विमान मोड लावा म्हणजे मध्येच कुणाचा फोन येणार नाही. ब्रॉडबँड असलेल्या मित्राच्या घरी शनिवारी संध्याकाळीच अपलोडला लावा. लाइट गेली तरी रविवार-सोमवार हातात राहतात.

ऊन, पाणी, खाणं

मार्चमध्ये आपल्याकडे पारा पस्तिशीच्या पुढे जातो आणि पत्र्याचं शेड दुपारी भट्टी होतं. वर्कआउट सकाळी आठच्या आत संपवा. आदल्या दिवसापासून पाणी, ताक, मीठ-लिंबू चालू ठेवा. चक्कर, थंडी वाजणं, घाम थांबणं यातलं काही झालं की तिथेच थांबा, सावलीत आडवे व्हा, अंगावर पाणी टाका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू फार सुजले आणि लघवी कोलासारखी गडद झाली तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठा. अति श्रमानं स्नायू तुटून त्यांतले घटक रक्तात उतरतात त्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात, आणि त्यात मूत्रपिंड निकामी होऊ शकतात. ८ ऑगस्ट २०२४ ला फोर्ट वर्थच्या गेम्समध्ये पहिल्याच स्पर्धेत पोहताना सर्बियाचा लाझार जुकिच बुडून गेला. जगातल्या सगळ्यात तयारीच्या खेळाडूंपैकी तो एक होता. तुमच्या वर्कआउटला नजर ठेवणारा एक माणूस पाहिजेच, एकट्यानं करायचा नाही.

खाण्यासाठी वेगळं दुकान शोधू नका. ज्वारीची भाकरी, वरण, पिठलं, दही, दूध, अंडी, शेंगदाणे, मोड आलेली मटकी यांत बहुतेक गरज भागते. मांसाहार करत असाल तर आणखी सोपं. वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं दिवसभरात विभागून गेली की झालं. वर्कआउटआधी दोन तास एक भाकरी किंवा केळी-पोहे, पोट जड होईल असं काही नको. जिममध्ये हातात दिली जाणारी बिनलेबलची पावडर आणि ‘कोर्स’ची इंजेक्शनं यांच्यापासून लांब राहा. ही स्पर्धा उत्तेजक चाचणी घेते. २०१७ च्या गेम्समध्ये तिसरा आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या रिकी गॅरार्डचं स्थान त्यापायी गेलं आणि चार वर्षांची बंदी आली. शरीराचं नुकसान वेगळंच.

ओपन संपल्यावर

क्रमवारीत प्रत्येक वर्कआउटच्या क्रमांकाइतके गुण मिळतात आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो वर. जगाच्या यादीत स्वतःचा आकडा बघून खचू नका, कारण तिथे लाखो जण असतात. देश आणि वयोगट निवडून बघा. तुमच्या वयाचे भारतातले खेळाडू कोणत्या वर्कआउटमध्ये तुमच्यापुढे गेले, ते तिथे दिसतं.

मग आठवडाभर विश्रांती घ्या आणि वही उघडा. तिन्ही वर्कआउटमध्ये तुम्हाला थांबवलं कशानं, ते प्रत्येकी एका ओळीत लिहा. दोरी, चेस्ट-टू-बार, जड क्लीन, जे असेल ते. एप्रिल-मेच्या उन्हात जड काम कमी करून हेच तीन धडे सकाळी गिरवा. पाऊस पडला की २४.१ पुन्हा करा आणि पहिल्या वेळच्या आकड्याशेजारी नवा लिहा.